सोलापुरातून फुटबॉलचा सामना पाहायला जाताय? खिडकीशिवाय तिकीट असं काढा

सोलापुरात फुटबॉलवेडे कमी नाहीत. संध्याकाळी एखाद्या टर्फवर चक्कर मारा, मुंबई सिटीपासून रियाल माद्रिदपर्यंत सगळ्या जर्स्या दिसतील. पण मैदानात बसून मोठ्या लीगचा सामना पाहिलेला त्या घोळक्यात एखादाच सापडतो. आपल्या शहरात वरच्या लीगचा संघ नाही. जवळचे म्हणजे अंधेरीत खेळणारा मुंबई सिटी आणि मडगावच्या फातोर्ड्यात खेळणारा एफसी गोवा. मुंबई म्हटलं तरी रेल्वेनं साडेचारशे किलोमीटर. एवढ्या लांब जाऊन तिकिटाची खिडकी बंद दिसली, तर पुढं काय, हे आधीच माहीत असलेलं बरं.

खिडकी बंद असण्याचीच शक्यता जास्त आहे. इंडियन सुपर लीग, म्हणजे मुंबई सिटी आणि एफसी गोवा जिच्यात खेळतात ती देशातली वरची लीग, २०१४ मध्ये सुरू झाली. पुढं कोविडच्या काळात लीगचे दोन हंगाम गोव्यातच, जवळजवळ प्रेक्षकांविना खेळवले गेले. लोक मैदानात परतले तोवर जगभरच्या क्लबांनी कागदी तिकीट बाजूला सारून फोनवरचं तिकीट हीच मुख्य पद्धत करून टाकली होती. क्लबांना ते सोयीचं आहे: छपाई नाही, रोकड मोजणं नाही, कुणी किती तिकिटं घेतली याची नोंद राहते आणि एकच तिकीट दोघांना वापरता येत नाही. लांबच्या माणसालाही सोयीचं आहे. सात रस्त्यावर चहा पिता पिता अंधेरीतली खुर्ची निवडता येते, आणि तिकीट हातात असेल तरच गाडीत बसायचं हे ठरवता येतं.

पण खिडकीतला माणूस नुसतं तिकीट फाडून देत नव्हता. "कुठला सामना? आजचा की रविवारचा?" असं तो विचारायचा. "लहान मुलगा आहे, मग त्या बाजूला बसा," म्हणायचा. पैसे मोजून घ्यायचा, तिकीट तुमच्याच हातात द्यायचा आणि गेट कुठलं ते बोटानं दाखवायचा. आता ही सगळी कामं तुमच्या अंगावर आली आहेत आणि ॲप त्यांची आठवण करून देत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याची फजिती होते ती बहुतेक इथंच. म्हणून खाली जे सांगतोय ते त्या माणसाच्या कामांच्या क्रमानं सांगतोय.

सामना, तारीख आणि मैदान आधी पक्कं करा

तिकिटाच्या पानावर जायच्या आधी क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वेळापत्रक पाहा. मित्रानं पाठवलेलं पोस्टर किंवा कुणाच्या स्टेटसवरची तारीख धरून चालू नका. सामने प्रक्षेपणासाठी, पोलीस बंदोबस्तासाठी पुढं-मागं होतात. २०२५-२६ चा इंडियन सुपर लीगचा हंगाम तर ठरल्या वेळी सुरूच झाला नाही, महिनोन्‌महिने रखडला. 'दरवर्षी या सुमारास असतोच' या भरवशावर रेल्वेचं आरक्षण करून ठेवणाऱ्यांना त्यात भुर्दंड बसला असणार.

मैदानाचं नाव तर दोनदा वाचा. मुंबई सिटीचा 'घरचा सामना' म्हणजे अंधेरीच, असं नसतं. २०२३ मध्ये हा क्लब एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत खेळला, तेव्हा इराणच्या नस्साजी आणि उझबेकिस्तानच्या नवबहोरविरुद्धचे त्याचे घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत झाले, तर सौदीच्या अल हिलालविरुद्धचा ६ नोव्हेंबरला नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. एकच क्लब, एकच स्पर्धा आणि दोन शहरं. सोलापूरकराला बालेवाडी म्हणजे अर्धाच प्रवास. तेव्हा हा फरक खिशालाही कळतो.

अंधेरीतलं मैदान तिकिटावर 'मुंबई फुटबॉल अरेना' या नावानं येतं. रिक्षावाल्याला मात्र 'अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स' सांगा, लगेच कळेल. अधिकृत नाव शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल. तिन्ही नावं एकाच जागेची.

आणखी एक, हे मनाला लागतं म्हणून आधीच सांगतो. तिकीट सामन्याचं असतं, खेळाडूचं नसतं. अल हिलालच्या त्या सामन्याची चर्चा त्यांच्याकडून खेळणाऱ्या ब्राझीलच्या नेमारमुळं झाली होती. तो ऑक्टोबरमध्येच जखमी झाला आणि भारतात आला नाही. २२ ऑक्टोबर २०२५ ला रोनाल्डोचा सौदी क्लब अल नस्र फातोर्ड्यात आला, पण रोनाल्डो आला नाही. एफसी गोवा तो सामना १-२ असा हरला, पण झुंजून हरला. खेळाडू आला नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत. सामना बघायचाय असं मनात पक्कं असेल तरच लांबचं तिकीट काढा.

आत शिरायचं दार एकच: क्लबचं

आता खरेदी. नियम एकच ठेवा. क्लबच्या संकेतस्थळावर किंवा निळी खूण असलेल्या अधिकृत खात्यावर जी तिकिटाची लिंक दिली असेल, तिच्यावरूनच आत जा. क्लब तिकीट विकायचं काम एखाद्या तिकीट कंपनीला देतो आणि ही कंपनी हंगामागणिक बदलू शकते. म्हणून 'गेल्या वेळी अमुक ॲपवर मिळालं होतं' हे यंदा चालेलच असं नाही. गुगलवर क्लबचं नाव टाकून सगळ्यात वर जी जाहिरात दिसते तिच्यावर बोट ठेवू नका. बनावट पानं नेमकी तिथंच लावलेली असतात.

विक्री सुरू व्हायच्या आदल्या दिवशी चार कामं उरकून ठेवा. ॲप उतरवून खातं उघडा. मोबाइल नंबर तोच द्या जो सामन्याच्या दिवशी तुमच्या खिशात असेल, कारण पुन्हा लॉगिन करायची वेळ आली तर ओटीपी त्याच नंबरवर येणार. ईमेल नीट टाइप करा. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की तिकीट दुसऱ्याच्या डब्यात जातं. आणि यूपीआयची रोजची मर्यादा किती शिल्लक आहे ते बघा. त्याच दिवशी कुणाला भाडं, हप्ता पाठवला असेल तर ऐन वेळी व्यवहार अडतो.

नेटवर्कचंही बघा. घरात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असतील, तर ज्याला रेंज चांगली तो फोन वापरा. पण एकाच खात्यावरून दोन फोनवर एकाच वेळी तिकीट काढायचा प्रयत्न करू नका; खुर्ची आपल्याच दुसऱ्या फोनवर अडकून बसते आणि 'उपलब्ध नाही' असं दिसायला लागतं.

खुर्ची निवडताना

नकाशावर नॉर्थ, साऊथ, ईस्ट, वेस्ट असे स्टँड दिसतात. नवख्या माणसानं एवढं लक्षात ठेवावं. सूर्य पश्चिमेला मावळतो, म्हणून संध्याकाळी पाचच्या सामन्याला वेस्ट स्टँडमध्ये ऊन पाठीमागं राहतं आणि ईस्ट स्टँडमध्ये थेट डोळ्यांत येतं. साडेसातच्या सामन्याला हा प्रश्न उरत नाही. गोलच्या मागच्या बाजूला समर्थकांचा गट ढोल घेऊन नव्वद मिनिटं उभा असतो. तरुण मंडळी असाल तर मजा तिथंच आहे. आई-वडील किंवा लहान लेकरू बरोबर असेल तर मध्यरेषेच्या बाजूला जागा घ्या. तिथं बसूनही दिसतं आणि मैदानाची लांबी डोळ्यांत मावते. टीव्हीवर जे कधीच दिसत नाही ते तिथून दिसतं: चेंडू एका टोकाला असताना दुसऱ्या टोकाचा बचावपटू काय करतोय.

पाहुण्या संघाच्या समर्थकांना वेगळा भाग असतो. तुम्ही केरळा ब्लास्टर्सचे चाहते असाल आणि सामना अंधेरीत असेल, तर तो वेगळा भाग शोधून तिथलंच तिकीट घ्या. यजमानांच्या स्टँडमध्ये पाहुण्यांची जर्सी घालून गेलात तर गेटवर अडवतात.

चौघं मिळून जाणार असाल तर चारही तिकिटं एकाच व्यवहारात काढा, खुर्च्या सलग मिळतात. एका खात्यावर किती तिकिटं मिळतात याला मर्यादा असते, तेवढी पाहून घ्या. आणि लहान मुलाला तिकीट लागतं का, हे नियमांत वाचा. रेल्वेसारखं 'पाच वर्षांखाली फुकट' असं धरून चालू नका.

पैसे भरताना: सावकाश

खुर्ची निवडली की कोपऱ्यात उलटं मोजणारं घड्याळ सुरू होतं. काही मिनिटं ती खुर्ची तुमच्यासाठी राखून ठेवलेली असते. हे घड्याळ बघून माणूस घाबरतो आणि पुढचं न वाचता बटणं दाबत सुटतो. घाबरू नका. वाचायला अर्धा मिनिट पुरतो.

शेवटच्या पानावर एकूण रक्कम बघा. तिकीट एवढ्याचं, मग एवढे जास्त कसले? त्यात कन्व्हिनियन्स फी म्हणजे ऑनलाइन तिकीट काढल्याचा आकार असतो, त्या फीवरचा जीएसटी असतो आणि कधी कधी एखाद्या चौकटीत आधीच टिक केलेली देणगी किंवा विमा असतो. ती टिक काढून टाकता येते. ग्राहकानं न मागता टोपलीत वस्तू टाकणं आणि किंमत शेवटी शेवटी वाढवत नेणं, या दोन्ही प्रकारांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत 'डार्क पॅटर्न', म्हणजे ग्राहकाला चकवणारी युक्ती, म्हटलं आहे. अशा १३ पद्धतींची यादीच त्यात आहे. तेव्हा न मागितलेली वस्तू काढून टाकताना संकोच करायचं कारण नाही. फसवलं गेल्यासारखं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

यूपीआयनं पैसे भरताना पडदा ॲपवरून फोनपे किंवा गुगल पेवर उडी मारतो. पिन टाकल्यावर हिरवी खूण दिसते आणि लोक तिथंच थांबतात, किंवा फोन खिशात घालतात. असं करू नका. हिरवी खूण फक्त पैसे गेल्याची आहे. तिकीट झाल्याची नाही. तिकिटाच्या ॲपवर परत या, पान आपोआप पुढं जाईपर्यंत थांबा, बुकिंगचा क्रमांक दिसू द्या. मध्येच 'बॅक' दाबलं की पैसे गेले आणि तिकीट नाही, अशी गत होते.

तशी गत झालीच तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. पंधरा-वीस मिनिटं थांबा, 'माय बुकिंग्ज' बघा, ईमेल बघा. बऱ्याचदा तिकीट उशिरा येतं. नाहीच आलं तर यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन बारा आकडी संदर्भ क्रमांक उतरवून घ्या आणि तिथूनच तक्रार नोंदवा. नियम तुमच्या बाजूनं आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयनं खात्यातून पैसे कापले गेले पण विक्रेत्याकडं व्यवहार पक्का झाला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढं उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई द्यायची आहे. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. एवढं माहीत असलं की त्या पंधरा मिनिटांत छातीत धडधड होत नाही.

खिडकीवर ही वेळ येत नव्हती हे खरं. नोट दिली, तिकीट घेतलं, विषय संपला.

तिकीट आलं, आता ते वाचा

बहुतेक जण इथं सुटकेचा श्वास सोडतात आणि थेट सामन्याच्या दिवशी तिकीट उघडतात. तसं नको. त्याच वेळी उघडून तारीख, वेळ, मैदान, स्टँड, गेट, रांग, खुर्ची आणि तिकिटावरचं नाव तपासा. चूक असेल तर ती आज फोन करून सुधारता येईल, गेटवर नाही.

मग बघा की तिकीट कोणत्या प्रकारचं आहे. साधं पीडीएफ आणि त्यावर क्यूआर असेल तर ते फोनमध्ये उतरवून ठेवा, शिवाय घरच्या एकाला पाठवून ठेवा. काही ॲपमधला क्यूआर दर थोड्या वेळानं बदलतो. त्याचा स्क्रीनशॉट चालत नाही, ॲपच उघडावं लागतं. तिसरा प्रकार म्हणजे 'हे तिकीट नाही, ही पावती आहे', मैदानाबाहेरच्या काउंटरवर ओळखपत्र दाखवून मनगटाचा पट्टा किंवा कागदी तिकीट घ्यायचं. हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तसं असेल तर ते काउंटर किती वाजता बंद होतं, ते आत्ताच लिहून ठेवा. ओळखपत्र खरं न्या, फोनमधला फोटो सगळीकडं चालतोच असं नाही.

चार तिकिटं एकाच फोनवर असतील तर चौघांनी गेटवर एकत्रच पोहोचावं लागतं. ॲपमध्ये 'ट्रान्सफर'ची सोय असेल तर प्रत्येकाचं तिकीट त्याच्या फोनवर पाठवून टाका. एकाची लोकल चुकली म्हणून बाकी तिघं बाहेर ताटकळत बसायला नकोत.

आणि तिकिटाचा फोटो स्टेटसला टाकू नका. क्यूआर दिसला की संपलं. यंत्राला माणूस कळत नाही; जो आधी स्कॅन झाला तो आत. आनंद दाखवायचाच असेल तर क्यूआर झाकून दाखवा.

सोलापूरहून गाडीचं गणित

सामना साडेसातचा धरू. सकाळी सहाच्या सुमारास सुटणारी वंदे भारत दुपारी साडेबाराच्या आसपास सीएसएमटीला पोहोचवते, जेवून-खाऊन अंधेरीला जायला भरपूर वेळ उरतो. ही गाडी १० फेब्रुवारी २०२३ पासून आहे आणि आठवड्यातून एक दिवस नसते, तो वार आधी पाहा. परत मात्र ती दुपारी चारच्या सुमारास सुटते, म्हणजे सामन्याच्या रात्री तिचा उपयोग नाही.

रात्री उरते सिद्धेश्वर एक्स्प्रेस. साडेदहानंतर ती सीएसएमटीहून सुटते. सामना साडेनऊच्या आत-बाहेर संपतो. गर्दीतून निघून आझाद नगर मेट्रो, तिथून एक स्टेशन अंधेरी, मग पश्चिम रेल्वेची लोकल. सीएसएमटीपर्यंत धावत सुटण्यापेक्षा दादरला उतरा, पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या फलाटावर या आणि सिद्धेश्वर तिथं पकडा. आरक्षण करतानाच चढायचं स्टेशन दादर ठेवा. हे गणित जमतं, पण जेमतेम. जादा वेळेपर्यंत जाणारा बाद फेरीचा सामना असेल तर हिशोबच सोडून द्या, रात्री राहा आणि सकाळच्या उद्यान एक्स्प्रेसनं या. नव्वद मिनिटांसाठी एवढ्या लांब जाऊन शेवटची दहा मिनिटं घड्याळाकडं बघत काढणं, हे माझ्या मते सगळ्यात वाईट.

बालेवाडीचा सामना असेल तर हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी पुणे गाठता येतं. परतीची हुतात्मा पुण्याहून संध्याकाळी सहाला सुटते, ती सापडणार नाही. सिद्धेश्वर पुण्याला मध्यरात्रीनंतर येते. स्टेशनवर थांबायची तयारी असेल तर ती.

गोव्याला जून २०२५ मध्ये सोलापूरहून विमान सुरू झालं. त्याचे दिवस सामन्याशी जुळतात का ते आधी बघा. विमानतळ मोपाला म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकाला आणि फातोर्डा दक्षिणेत. मधल्या प्रवासाला दोन तास हाताशी ठेवा.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुलं होतं, सामन्याची तिकिटं त्यापेक्षा बरीच उशिरा येतात. माझा सल्ला असा: वेळापत्रक क्लबनं जाहीर केलं असेल तर रेल्वेचं आरक्षण आधी करून ठेवा, ते रद्द करताना कापले जाणारे पैसे ठरलेले असतात. सामन्याचं तिकीट रद्द करण्याची सोय बहुतेक वेळा नसतेच. जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत मात्र परतीच्या जागेचं आधी बघा. सिद्धेश्वर यात्रेला मुंबई-पुण्यातले आपलेच लोक घरी निघालेले असतात.

गेटवर

तासभर आधी पोहोचा. पहिल्या तपासणीला बॅग उघडून बघतात. बाहेरचं खाणं, पाण्याची बाटली, पॉवर बँक, हेल्मेट, नाणी, यातलं काय आत नेऊ देतात हे मैदानागणिक बदलतं, तिकिटाच्या नियमांत लिहिलेलं असतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुरचुंडी घेऊन गेलात तर ती गेटबाहेरच संपवावी लागेल. बसून निवांत खा आणि मग आत जा. मोठी बॅग सीएसएमटी किंवा दादरच्या क्लोकरूममध्ये टाकलेली बरी.

मग खरी रांग. पुढं एक मुलगा हातात स्कॅनर घेऊन उभा असतो. त्याच्यापर्यंत पोहोचल्यावर फोन काढून ॲप शोधायला लागलात की मागचे शंभर जण तुमच्याकडं बघतात. वयस्कर माणसाची तर फार तारांबळ उडते.

"मामा, वॉट्सॲपवरचा फोटो नको, ॲपात जावा."

"गेलो की रे. नुसतं गोल फिरतंय बघ."

ते गोल फिरणं म्हणजे नेटवर्क. एका जागी काही हजार फोन आले की डेटा चालेनासा होतो. म्हणून तिकीट रांगेत लागायच्या आधीच, मेट्रो स्टेशनवर असतानाच उघडून ठेवा आणि ॲप बंद करू नका. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवा. स्क्रीनगार्डला तडा गेला असेल तर क्यूआर बाजूला सरकवून न तडकलेल्या भागात आणा. चार्जिंग निम्म्याच्या वर असू द्या. यंत्रानं लाल दिवा दाखवला तरी वाद घालू नका. बहुतेक वेळा गेट चुकलेलं असतं. तिकिटावरचं गेट वाचा. तेही बरोबर असेल तर बुकिंग क्रमांक आणि ओळखपत्र घेऊन मदतीच्या टेबलाकडं जा. खिडकी नसली तरी हे टेबल बहुतेक मैदानांवर असतं आणि तिथल्या माणसाच्या यादीत तुमचं नाव सापडतं.

दलाल आणि खोटी तिकिटं

विक्री संपली की टेलिग्रामवर, इन्स्टाग्रामवर 'दोन तिकिटं आहेत, येणं जमत नाही' असे मेसेज सुरू होतात. त्यातले काही खरेही असतील. पण एकच क्यूआर पाच जणांना विकता येतो आणि तुम्ही पाचवे आहात की पहिले, हे गेटवरच कळतं. ओळखीच्या माणसाकडून, ॲपमधल्या ट्रान्सफरनंच घ्या. रिफंड देतो म्हणून कुणी यूपीआय पिन टाकायला सांगितलं तर तिथंच थांबा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसलातच तर १९३० वर लगेच फोन करा. जितका लवकर कराल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

सामना पुढं ढकलला तर बहुधा तेच तिकीट नव्या तारखेला चालतं. रद्द झाला तर तिकिटाची रक्कम परत मिळते, कन्व्हिनियन्स फी मिळेलच असं नाही. गाडीभाडं कुणी देत नाही.

कोल्हापूर आणि परदेश

कोल्हापूरचं फुटबॉल हा वेगळा मामला आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांच्या लढती, त्यामागच्या पेठा आणि तालमी, हे एकदा तरी तिथं बसून पाहावं असं आहे. तिथलं तिकीट कसं मिळतं हे कोल्हापूरच्या मित्राला विचारा, वरचे ॲपचे नियम तिथं लावू नका.

इंग्लंडमध्ये कामाला असलेल्या आपल्या मुलांकडं जाणार असाल, तर मोठ्या क्लबांचं तिकीट साध्या माणसाला थेट मिळणं अवघड. आधी क्लबचं सदस्यत्व घ्यावं लागतं, मग सोडतीत किंवा क्लबच्याच अधिकृत पुनर्विक्रीत नंबर लागतो. तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये येतं आणि गेटवर फोन नुसता टेकवायचा असतो. रस्त्यावरच्या दलालाकडून घेऊ नका. तिथं १९९४ च्या कायद्यानं फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय विकणं गुन्हा आहे. २०२६ च्या अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोतल्या विश्वचषकाचं तिकीट फिफाच्याच संकेतस्थळावरचं, तेही फोनवर. आणि तिकीट असलं म्हणजे व्हिसा मिळतोच असं नाही.

ज्यांच्याकडं स्मार्टफोन नाही

ही पद्धत सुरू झाल्यापासून मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे. फुटबॉल सगळ्यात स्वस्त खेळ, एक चेंडू असला की बावीस जण खेळतात. तो बघायला मात्र आता स्मार्टफोन, डेटा, बँकखातं आणि इंग्रजी ॲप लागतं. बटणांचा फोन वापरणारे आजोबा, रोख मजुरी घेणारा माणूस, शाळकरी पोर, यांना खिडकी हेच दार होतं. मैदानाबाहेर माणूस बसलेली निदान एक खिडकी, रोख घेणारी, सामन्याच्या दिवशी उघडी असलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

तोवर आपण करायचं ते असं. अशा माणसाचं तिकीट तुमच्या खात्यावरून, तुमच्याबरोबर काढा, म्हणजे ते तुमच्या फोनवर एकत्र स्कॅन होईल. पीडीएफ असेल तर छापून द्या. पार्क चौकात, नव्या पेठेत झेरॉक्सच्या दुकानात होतं. कागद घडी करताना घडी क्यूआरवरून जाऊ देऊ नका. ते एकटेच जाणार असतील तर कागदाच्या मागं मोठ्या अक्षरांत मराठीत गेट, खुर्ची आणि तुमचा नंबर लिहून द्या. आणि सामन्याच्या चार-पाच दिवस आधी क्लबला ईमेल करून विचारा: रोख तिकीट मिळेल का, किती वाजेपर्यंत, कोणत्या गेटजवळ? अपंग व्यक्ती असेल तर चाकाच्या खुर्चीची जागा आणि सोबत्याचं तिकीट हेही त्याच पत्रात विचारा, कारण या जागा ॲपच्या नकाशावर बहुतेक वेळा दिसत नाहीत. आलेलं उत्तर फोनमध्ये जपून ठेवा आणि गेटवर तेच दाखवा.